पन वाचू नोका, ताई

मोहाडीच्या तहसील कार्यालयाजवळ झेरॉक्सची आणि ऑनलाईन अर्जांची जी दुकानं आहेत, त्यांतल्या एका दुकानात २०१९ च्या जुलैमध्ये ती वही आली. धानाच्या रोवणीचे दिवस. सकाळी सातबारा, दुपारी उत्पन्नाचे दाखले, चार वाजल्यानंतर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला आलेली कॉलेजची पोरं, असा दुकानाचा दिवस ठरलेला. एक मुलगी मात्र तासभर बाकावर बसून होती. नंबर आला की मागच्याला पुढे सोडायची. दुकान रिकामं झाल्यावर तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"हे टाइप करून पायजे. पन वाचू नोका, ताई."

"वाचल्याबिगर टाइप कसं करू वो?"

"बोटानं करा. डोक्यानं नोका."

मुलीचं म्हणणं वाटतं तितकं वेडगळ नव्हतं. ताईनं (गावात तिला सगळे याच नावानं हाक मारतात, इथेही तेवढं पुरे) 'मराठी तीस'ची परीक्षा खटखट वाजणाऱ्या यंत्रावर दिलेली. पुढे संगणक आला, कृतीदेव फॉन्ट आला. कळफलक तोच राहिला, म्हणून बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही. सराव झालेल्या टंकलेखकाचा मजकूर डोळ्यांतून थेट बोटांत उतरतो. 'उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज' हे शब्द ताईनं किती वेळा टाइप केले असतील याला गणती नाही, पण उपरोक्त विषय कोणता होता हे संध्याकाळी तिला सांगता यायचं नाही. लग्नपत्रिकांचंही तेच. शेकडो लग्नं तिच्या बोटांखालून गेली आणि कोणाचं कोणाशी लागलं, याचा तिला पत्ता नाही.

वहीच्या तिसऱ्या पानावर बोटं थांबली. तिथे तुमसर रोड स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेसमधून चिट्टी उतरत होता.

चिट्टी म्हणजे रजनीकांतचा यंत्रमानव. शंकर यांचा 'एंदिरन' हा तमिळ चित्रपट १ ऑक्टोबर २०१० रोजी प्रदर्शित झाला. हिंदीत तो 'रोबोट' नावानं आला आणि पुढे टीव्हीवर इतक्या वेळा लागला की मोहाडीतल्या पोरांना त्याचे प्रसंग क्रमानं पाठ. डॉ. वसीगरन एक यंत्रमानव घडवतात. त्याला भाषा येतात, स्वयंपाक येतो, मारामारी येते. मग त्याला भावना येतात आणि तो नेमका डॉक्टरांच्याच सनाच्या, म्हणजे ऐश्वर्या रायच्या प्रेमात पडतो. सनाला चावलेला डास शोधून पकडून आणतो, तो प्रसंग ज्यानं पाहिला तो विसरलेला नाही. पुढे त्याच्यात विध्वंसाची लाल चिप बसवली जाते, शेकडो चिट्टी एकमेकांना जोडून अजस्र गोळे आणि नाग होतात, आणि सगळं निवळल्यावर न्यायालयाच्या आदेशावरून चिट्टी स्वतःच स्वतःचे भाग सुटे करतो. शेवट २०३० सालातला: संग्रहालयात ठेवलेला चिट्टी शाळकरी मुलीला सांगतो की आपण विचार करायला लागलो, म्हणून ही वेळ आली. या चित्रपटाच्या संवादांवर सुजाता या नावानं लिहिणाऱ्या एस. रंगराजन यांचा हात होता. ते तमिळ विज्ञानकथेतलं मोठं नाव आणि पेशानं अभियंते. आपल्या मतदान यंत्राच्या घडणीतही त्यांचा वाटा. २००८ मध्येच ते गेले, चित्रपट पाहायला राहिले नाहीत.

वहीवालीला तो शेवट मान्य नव्हता. २०१८ च्या नोव्हेंबरात '२.०' आला, त्यात चिट्टीला पुन्हा जोडलं आणि सोबत नीला नावाची यंत्रकन्या दिली. तेही तिला पटलं नाही. "मशीनीले मशीन. जात पाहून जोडल्यावानी," असं ती म्हणाली. हे वाक्य समीक्षेच्या पुस्तकात छापायच्या लायकीचं होतं, पण ती बी. ए. दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला वही शनिवारपर्यंत हवी होती.

पानाला १५ रुपये दर. वहीचा मजकूर टाइप होऊन ११८ पानं भरणार होता. तिच्याकडे ३०० रुपये होते. ताईनं उधारीच्या वहीत नवं खातं उघडलं आणि नावाच्या जागी लिहिलं: चिट्टी.

आवडत्या कथेतली माणसं उसनी घेऊन आपली गोष्ट लिहायची, याला जगात फॅन फिक्शन म्हणतात. त्यातल्या प्रेमकथांचा आजचा ओघ विज्ञानकथेतून सुरू झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. त्यातला स्पॉक अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन. भावना दाबून तर्कानं चालणारा. वर्षभरात, १९६७ मध्ये, देव्रा लँगसम आणि शेर्ना कॉमरफोर्ड यांनी 'स्पॉकनेलिया' हा चाहत्यांचा अंक काढला. अशा अंकांची रीत म्हणजे स्टेन्सिल कापायचे, सायक्लोस्टाईल यंत्रावर पानं काढायची, टाचण्या मारायच्या आणि टपालानं पाठवायचे. लिहिणाऱ्या बहुतेक बायका. टाइप करणाऱ्याही बायकाच. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डायेन मर्चंट यांनी कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांच्यातला प्रणयप्रसंग लिहिला, तो दोघांचीही नावं न घेता. वाचणाऱ्यांनी अर्थातच ओळखलं.

स्पॉकवरच का? देखणे, बोलके, प्रेम करायला मोकळे नायक त्या मालिकेत कमी नव्हते. पण ज्याच्या जवळ भावना आहे आणि ती दाखवायची सोय नाही, त्याच्याभोवती लिहिणाऱ्याला जागा सापडते. चिट्टीचं त्याच्या उलट: तो भावना लपवत नाही, त्याला ती असण्याचा हक्कच नाही. मोहाडीसारख्या गावात वीस वर्षांच्या मुलीला या दोन्ही गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. गावातल्या कुठल्या मुलाचं नाव घेऊन तिनं दोन ओळी लिहिल्या असत्या, तर वही घरात सापडण्याची भीती होती. यंत्रमानवाचं नाव घेऊन तिनं दोनशे पानं लिहिली आणि वही घरातल्या फळीवर उघडी पडून होती. आईनं एकदा चाळली आणि म्हणाली, "सिनेमाचं लिवते."

टाइप करता करता ताई वाचू लागली आणि वाचता वाचता भांडू लागली. पहिलं भांडण गाडीवरून. चेन्नईहून विदर्भ एक्स्प्रेस येते का? ती मुंबईहून येऊन गोंदियाला जाते. चिट्टीला आधी नागपूरला उतरवावं लागेल. "तो उडून बी येऊ शकते," वहीवाली म्हणाली. मग उडूनच येऊ दे, तिकीट कशाला काढलं? तिनं दोन दिवस विचार केला आणि तिकीट ठेवलं, नागपूरला गाडी बदलली. कारण चिट्टीला पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसून डबा विचारायला हवा होता. डब्यातला शिरा घ्यायला सांगणारी म्हातारी तिथेच भेटते, आणि चिट्टीला आपण खात नाही हे पहिल्यांदा सांगताना अडखळायला होतं. त्या प्रसंगासाठी ताईनं पान पुन्हा टाइप केलं. पैसे लावले नाहीत.

दुसरं भांडण नायिकेवरून. वहीतली नायिका हिरव्या डोळ्यांची, संगणकाची जावा भाषा येणारी, कराटे येणारी, चौंडेश्वरीच्या नवरात्रात गरब्यात पहिली येणारी. वसीगरनना न जमलेला बिघाड ती पाचव्या पानावर दुरुस्त करते. ताईला इंग्रजी शब्द माहीत नव्हता, पण दोष लगेच दिसला: "हे पोरगी मोहाडीची वाटत नाही." अमेरिकेत पॉला स्मिथ यांनी याच खोडीवर १९७३ मध्ये एक छोटी विडंबनकथा लिहिली होती. लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, अवकाशयानावरची सगळ्यात लहान आणि सगळ्यात हुशार. तिच्यावर सगळे भाळतात आणि ती मेल्यावर सगळे रडतात. तेव्हापासून अशा नायिकेला जगभर 'मेरी सू' म्हणतात. गंमत अशी की या शब्दानं पुढे बऱ्याच नवख्या मुलींची तोंडं बंद केली. पुरुष लेखकाचा नायक सर्वगुणसंपन्न असला की त्याला नायक म्हणतात, हे तेव्हा कोणी फारसं बोललं नाही. ताईनं मात्र नायिका कापली नाही. डोळे काळे करवले, कराटे काढलं, जावा ठेवलं. "जावा राहू दे. शिकून ऱ्हायली नं तू?"

मग झाली ती प्रसिद्ध चूक. वहीवालीनं अर्ध्या ठिकाणी त्याचं नाव 'चिठ्ठी' असं लिहिलं होतं. ताईनं शोधा-आणि-बदला हे कळ दाबून केलं: जिथे चिठ्ठी, तिथे चिट्टी. ११८ पानं सरसकट. प्रिंट काढल्यावर सत्तराव्या पानावर नायिका धानाच्या पुंजण्याआड उभी राहून त्याच्या हातात चिट्टी देते, तो चिट्टी उघडून वाचतो आणि घडी घालून खिशात ठेवतो. दोघी दुकानात हसून हसून खाली बसल्या. दुरुस्ती करायला एक दुपार गेली, कारण आता प्रत्येक जागी थांबून पाहावं लागत होतं: इथे तो आहे की त्याला लिहिलेलं पत्र? एका ठिकाणी दोघींनाही ठरवता येईना. तिथे शेवटी 'चिठ्ठी'च राहिली.

पत्रावरून ताईला आठवलं ते रुक्मिणीचं. तिच्या सासरी भागवताची पोथी लागायची. दहाव्या स्कंधात विदर्भाची ही राजकन्या कृष्णाला पत्र पाठवते. पाहिलेलं नसतं तिनं त्याला, फक्त ऐकलेलं असतं; आल्या-गेल्याकडून त्याचं रूप, त्याचे पराक्रम ऐकत ती मनानं त्याला वरून बसलेली. घरच्यांनी, म्हणजे भावानं, शिशुपाल ठरवलेला. मग ब्राह्मणाच्या हाती पत्र. त्या कौंडिण्यपूरच्या मुलीवर मराठीत किती लिहिलं गेलं! तेराव्या शतकात महानुभाव कवी नरेंद्रानं 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं, पुढे एकनाथांनी रचलं. नरेंद्राची एक गोष्ट महानुभाव परंपरेत सांगतात: रामदेवराव यादवाला ते काव्य इतकं आवडलं की त्यानं ते आपल्या नावावर मागितलं, भरपूर सोनं देऊ केलं, आणि कवीनं नकार दिला. माणसं उसनी, कथानक पुराणातलं, तरी ओवी त्याची होती.

या भूमीत उसन्या माणसांना कोणी परकं म्हटलेलंच नाही. झाडीपट्टीची दंडार हे लोकनाट्य पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही की पुराणातली पात्रं मंचावर येऊन गावच्या भाषेत एकमेकांची खेचतात. आणि ज्या १९६७ साली तिकडे 'स्पॉकनेलिया' निघाला, त्याच साली इकडे शिवाजी सावंतांचा 'मृत्युंजय' आला. व्यासांचा कर्ण घेऊन एका तरुण शिक्षकानं त्याचं मन, त्याचं प्रेम, त्याचा अपमान पानोपानी लिहिला. खांडेकरांची 'ययाति' त्याआधी आठ वर्षांची. त्यांना कोणी चाहत्यांचं लेखन म्हणत नाही. कादंबरी म्हणतात, आणि बरोबरच आहे. फरक एवढाच की व्यासांची कंपनी नाही आणि चिट्टीची आहे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो. वहीवालीनं हे ऐकून विचारलं, "म्हणजे पोलीस येतीन का?" ताई म्हणाली, "स्पायरल बायंडिंगच्या तीन प्रतींसाठी कोणी चेन्नईहून येत नाही."

सगळ्यात जास्त वेळ भाषेवर गेला. हिंदीतून आलेला चिट्टी वहीत पहिल्या पानापासून तिच्या गावची झाडीबोली बोलत होता. 'मले', 'तुले', 'काहून'. ताईचा आक्षेप सरळ होता: जो पुस्तकं चाळून क्षणात पाठ करतो, तो छापील मराठी बोलेल. छापील मराठीत ण आहे, ळ आहे, पोटफोडा ष आहे. झाडीबोलीत यांतलं काही नाही. डोळा तिथे डोरा होतो, शाळा सारा होते. साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास करून ती स्वतंत्र, नीट नियम असलेली बोली असल्याचं आयुष्यभर मांडलं. पण कॉलेजात पोरं अजून ती लपवतात. वहीवाली स्वतः वर्गात 'मला' म्हणायची आणि दुकानात 'मले'. ताईनं ते बोट ठेवून दाखवलं. "तो बी तसाच नाही का करनार?"

तिथून कथा बदलली. चिट्टी तलाठ्याशी, पोलीस पाटलाशी, प्राध्यापकांशी छापील बोलतो. नायिकेशीही छापीलच. चाळिसाव्या पानावर तिच्या पायाला काटा रुततो, तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'तुले' येतं. ना कबुली, ना गाणं. एक 'तुले'. पुढच्या पानावर तो स्वतःची तपासणी करतो, कुठे बिघाड झाला ते शोधतो आणि सापडत नाही. मोठमोठ्या लेखकांना जे पन्नास पानांत जमत नाही ते त्या मुलीला एका प्रत्ययात जमलं, असं हा मजकूर लिहिणाऱ्याचं प्रामाणिक मत आहे.

आणि मग रोवणीचं प्रकरण. हे तिनं दुकानात बसून नव्यानं लिहिलं, कारण वहीत ते नव्हतं. वहीत चिट्टी मोहाडीत येऊन प्रेमच करत होता, दुसरं काही नाही. ताईनं विचारलं, दिवसभर करतो काय तो? जुलै आहे. बांधीत चिखल झालाय, पऱ्हे उपटून पेंढ्या बांधल्यात, अख्खं गाव वाकलंय. मुलीची आई रोवणीला जायची. मुलगीही सुट्टीत जायची. तिनं चिट्टीला बांधीत उतरवलं. त्यानं शंभर बायकांचं काम सूर्य डोक्यावर यायच्या आत संपवलं, ओळी दोरीनं आखल्यासारख्या. नायिका खूश होऊन टाळ्या वाजवते, मागे वळून पाहते, तर बायका बांधावर बसलेल्या. हातांना चिखल नाही. एक विचारते, "आता आमची मजुरी कोन देईन, तुहा नवरा?"

इथे वहीवालीचं पेन अडलं. चार दिवस ती आलीच नाही. आली तेव्हा तिनं लिहून आणलं होतं की नायिका चिट्टीशी तीन पानं बोलत नाही. तो विचारतो, आपण काय चुकलो? ती सांगत नाही, कारण तिला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. काम वाईट केलं असं नाही, तिच्यासाठीच केलं. मग तो रात्री बांधीत जातो, आपण लावलेली रोपं एकेक करून उपटतो, पेंढ्या बांधतो आणि बांधावर रचून ठेवतो. सकाळी बायका पुन्हा उतरतात. तो काठावर उभा राहतो आणि पेंढ्या फेकून देतो, जशा गडी माणसं देतात. डास चावल्यावर तो पकडून आणत नाही. नायिकाच आपल्या मानेवर चापट मारते.

मूळ चित्रपटातला डासाचा प्रसंग माहीत असलेल्यालाच त्या चापटीची गंमत कळते. उसन्या माणसांवर लिहिण्याचा हा फायदा आहे. वाचणाऱ्याच्या डोक्यात अर्धी कथा आधीच उभी असते, लेखिकेला तिच्याशी खेळता येतं. न घडलेल्या गोष्टीनंही ती बोलू शकते.

बायंडिंगच्या वेळी मुखपृष्ठाचा प्रश्न आला. घरी काय सांगायचं? दुसऱ्या वर्षाला तेव्हा पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प सगळ्यांनाच सक्तीचा. ताईनं वर टाइप केलं: 'पर्यावरण प्रकल्प. विषय: पक्षी व मोबाईल लहरी.' '२.०' मध्ये अक्षयकुमारचा पक्षीराजन याच कारणासाठी मोबाईलवर उठलेला, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. तीन प्रती निघाल्या. एक वहीवालीकडे, दोन तुमसरच्या वसतिगृहात. महिन्याभरानं एक प्रत दुकानात परत आली, लॅमिनेशन निघालेली, समासात पेन्सिलीनं चार वेगवेगळ्या अक्षरांत शेरे. एकीनं चाळिसाव्या पानावर 'तुले' या शब्दाला गोल केलं होतं, बाकी काही लिहिलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डब्लिनला विज्ञानकथेचं जागतिक संमेलन भरलं आणि चाहत्यांच्या कथा जपून ठेवणाऱ्या, चाहत्यांनीच स्वयंसेवेनं उभारलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मोहाडीत याची बातमी कोणी वाचली नाही. वाचली असती तरी दुकानात त्या आठवड्यात कामाची गर्दी होती.

मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नव्हतं. ते घालावं, निदान टोपणनाव, असं ताईचं म्हणणं. तिनं वाचनालयात नारळीकरांची पुस्तकं वाचलेली, आणि त्यांचा एक किस्सा तिला फार आवडायचा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला जयंत विष्णू नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं: स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हातानं उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञालाही गोष्ट लिहिताना आपलं नाव बाजूला ठेवावंसं वाटलं, आणि ती स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायला घरातली बाई लागली. ताई ही गोष्ट सांगताना दुसऱ्या भागावर जरा थांबते. तिचं नाव त्या ११८ पानांवर कुठेच नाही.

मुलीनं टोपणनाव घेतलं. ते इथे देण्याचं कारण नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत दुकान बंद झालं. कृतीदेवमधली फाईल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की त्यात मराठी अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा रगडा दिसतो. म्हणून ताईनं घरी बसून अख्खी कथा युनिकोडमध्ये बदलली. बदलताना रफार उडाले, वेलांट्या सरकल्या, 'प्रेम' जागोजागी 'पे्रम' झालं. ते ओळीओळीनं नीट करण्यात एप्रिल गेला. मग वहीवालीनं कथा भागाभागानं प्रतिलिपीवर टाकली. बंगळुरूत २०१४ साली सुरू झालेल्या या ठिकाणी तेव्हा मराठीत लिहिणाऱ्या बायकांची रीघ लागलेली; भाग टाकायचा, खाली 'पुढचा भाग कधी' म्हणून विचारणा यायच्या. चिट्टीला वाचक मिळाले सांगलीचे, इंदूरचे, एक मस्कतची. मस्कतवालीला झाडीबोली कळत नव्हती. तिनं 'काहून' म्हणजे काय ते विचारलं आणि पुढे स्वतःच्या प्रतिक्रियेत वापरायला लागली.

त्याच वर्षी एका ऑनलाईन वाहिनीवर कोणीतरी ती कथा आपल्या आवाजात वाचली. नाव नाही, परवानगी नाही. वर 'तुले'चं 'तुला' केलेलं, सगळीकडे. वहीवाली रडत ताईकडे आली. ताईला तिचं दुःख कळलं, पण मनात एक अडचणीचा प्रश्नही आला: आपणही चिट्टी विचारून आणला नव्हता. तिनं तो बोलून दाखवला. मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आपन चिट्टी घेतला. 'तुले' नाई घेतलं." वाहिनीला पत्र लिहिलं गेलं. उत्तर आलं नाही, पण काही दिवसांनी ती ध्वनिफीत दिसेनाशी झाली.

पैशाचं म्हणाल तर बाहेर त्याचंही गणित बदललंय. 'स्टार वॉर्स'मधल्या रे आणि कायलो रेन या जोडीवर लिहिलेली एक चाहत्याची कथा, नावं आणि जागा बदलून, अली हेझलवुड यांच्या 'द लव्ह हायपॉथेसिस' या कादंबरीच्या रूपात २०२१ मध्ये आली आणि तुफान खपली. हेझलवुड हेही टोपणनावच. बाई तेव्हा मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापक. ताईनं हे वहीवालीला सांगितलं. चिट्टीचं नाव बदल, चेन्नई काढ, आणि छापायला दे. मुलीनं खरंच प्रयत्न केला. यंत्रमानवाचं नाव 'आर्यन' ठेवलं, दहा पानं बदलली आणि आणून दाखवली. दोघींनी वाचली. आर्यन रात्री बांधीत जाऊन रोपं उपटत होता आणि ते नुसतंच कोणीतरी रोपं उपटत असल्यासारखं वाटत होतं. फाईल पुसून टाकली नाही, पण उघडलीही नाही.

आता ती नागपूरला नोकरीला आहे. सॉफ्टवेअर कंपनीत नाही, बँकेच्या वसुलीच्या कामात. जावाचा उपयोग झाला नाही. २०२४ च्या दिवाळीत गावी आली तेव्हा दुकानात आली. बाकावर बसली नाही, थेट टेबलाशी. जुनी बाकी १४७० रुपये फोनवरून टाकली. ताईनं पाच वर्षं जपलेल्या खात्यावर आडवी रेघ मारली आणि मारताना तिला वाईटच वाटलं. मग मुलीनं फोनमधली नवी फाईल पाठवली. सगळं स्वतः टाइप केलेलं, युनिकोडमध्ये. फक्त प्रिंट हवी होती.

ताईनं वाचायला सुरुवात केली. आता कोणी वाचू नका म्हणालं नाही. साल २०३०, संग्रहालय, काचेआड चिट्टीचे सुटे भाग. मोहाडीच्या शाळेची सहल आलेली. सोबत एक बाई आहे, शिक्षिका असावी, केस थोडे पांढरे. मुलं पुढे जातात, ती काचेपाशी थांबते. काचेला नाक लावून डोळा शोधते. डोरा, तिनं लिहिलं होतं. आणि पान संपलं.

"जोडते का नाही त्याले?" ताईनं विचारलं.

"दोन हजार तीस अजून आलं कुठं, ताई?"

दारात कोणीतरी रेशनकार्डाची झेरॉक्स मागत होतं, दोन्ही बाजूंनी, दोन प्रती.